डब्लिनचा वीकेंड गाण्याभोवती कसा आखायचा

शुक्रवारी रात्री उतरायचं आणि रविवारी रात्री परतायचं, अशा बेताने डब्लिनला येणारे पाहुणे आमच्याकडे वर्षभर असतात. कुणी ॲमस्टरडॅमहून, कुणी म्युनिकहून, कुणी लंडनहून. बहुतेकांच्या फोनमध्ये यादी तयार असते: गिनीज या काळ्या बिअरचा कारखाना, टेम्पल बार हा पबांचा भाग, मोहेरच्या समुद्रकड्यांना जाणारी बस, एखादी डिस्टिलरी आणि उरलेल्या वेळात खरेदी. ही यादी दोन दिवसांत पुरी करता येते. पण कड्यांची बस सकाळी निघून रात्री परत आणते, म्हणजे शनिवार संपला. संध्याकाळी दमून टेम्पल बारमध्ये शिरायचं, गर्दीत उभं राहून बिअरचा महागडा पाइंट प्यायचा आणि कुणीतरी माइकवर गायलेली चार ठरावीक गाणी ऐकून परतायचं. हे शहर ज्या गाण्यासाठी ओळखलं जातं, ते मात्र दोन गल्ल्या पलीकडे चालू असतं आणि पाहुण्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगते. आधी दोन सेशन ठरवा, तीही वेळेसकट. मग एक तिकिटाचा कार्यक्रम. जेवण, दुकानं, झोप आणि फिरणं या तीन खुंट्यांना टांगा. सेशन म्हणजे पबमध्ये जमून वाजवलेलं पारंपरिक आयरिश संगीत. त्याबद्दल सविस्तर पुढे येईलच, पण त्याआधी कागदपत्रं.

व्हिसा आधी, विमान नंतर

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन या सामाईक व्हिसाच्या देशांत नाही. भारतीय पासपोर्टवर जर्मनी, नेदरलँड्स किंवा फ्रान्सचा रहिवासी परवाना असला तरी डब्लिनला यायला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. हे माहीत नसल्याने विमानतळावरून परत फिरलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. ब्रिटनमध्ये नोकरी किंवा शिक्षणासाठी राहणाऱ्यांनाही हाच नियम. भारतातून ब्रिटनचा पर्यटक व्हिसा काढून येणाऱ्यांना मात्र एक सोय आहे: त्या व्हिशावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर त्याच व्हिशावर आयर्लंडलाही येता येतं, फक्त आधी ब्रिटनमध्ये उतरून तिथून इकडे यावं लागतं.

आयर्लंडच्या व्हिशाचा अर्ज ‘अवॅट्स’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा ६० युरोचा, अनेकदा प्रवेशाचा १०० युरोचा. बेत ठरला की किमान दोन महिने आधी अर्ज करा आणि व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. एकदा आलात की पुन्हा यावंसं वाटेल अशी माझी खात्री आहे, त्यामुळे जवळ राहणाऱ्यांनी अनेकदा प्रवेशाचा अर्ज करून पाहावा.

आणखी एक: विमान युरोपातूनच येत असलं तरी डब्लिनला उतरल्यावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं. शुक्रवारी रात्री ही रांग लांबते. त्या रात्रीचं काही ठरवताना तेवढा वेळ हाताशी ठेवा.

कोणता वीकेंड आणि कुठला मुक्काम

हॉटेलं इथे महाग आहेत आणि काही वीकेंडना तर परवडतच नाहीत. क्रोक पार्कवर मोठी मैफल किंवा अंतिम सामना असेल, फेब्रुवारी-मार्चमध्ये अविवा स्टेडियमवर सहा देशांच्या रग्बी स्पर्धेचा सामना असेल, किंवा १७ मार्चचा सेंट पॅट्रिक दिन जवळ असेल, तर दर चढतात आणि पबही तुडुंब भरतात. तारीख ठरवण्याआधी या दोन स्टेडियमांचं वेळापत्रक पाहून घ्या. ज्यांना गाणंच ऐकायचं आहे त्यांच्यासाठी जानेवारीचा शेवट चांगला. टेम्पल बार परिसरात तेव्हा ‘ट्रॅडफेस्ट’ भरतो, जुन्या चर्चमध्ये आणि सभागृहांत मैफली होतात. थंडी आणि लवकर पडणारा अंधार मात्र सोसावा लागतो. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या आत मावळतो, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. माझ्या मते सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात सगळ्यात बरी.

मुक्कामासाठी टेम्पल बार टाळा. तिथल्या दगडी गल्ल्यांत पहाटेपर्यंत आरडाओरडा चालतो. लिफी नदीच्या उत्तरेला स्मिथफील्ड आणि स्टोनीबॅटर, किंवा दक्षिणेला कॅम्डन स्ट्रीट आणि पोर्टोबेलो, या भागांत खोली बघा. स्मिथफील्डला लुअस ट्रामच्या लाल मार्गावरचं स्टेशन आहे, आणि ज्या पबसाठी मी हा सगळा आटापिटा सांगते आहे तो तिथून चालत पाच मिनिटांवर आहे.

विमानतळ शहराच्या उत्तरेला दहा किलोमीटरवर आहे आणि तिथे रेल्वे जात नाही. बसने या. खासगी बस लवकर पोचवतात, शहराच्या नेहमीच्या बस स्वस्त पडतात. ४१ क्रमांकाची बस रात्रभर धावते, उशिराच्या विमानाने येणाऱ्यांना तिचा आधार होतो. विमानतळावरच ‘लीप व्हिजिटर’ कार्ड घेतलं तर त्यावर शहरातल्या साध्या बस, लुअस आणि डार्ट लोकल तिन्ही चालतात. वीकेंडला तीन दिवसांचं कार्ड पुरतं.

सेशन कसं ऐकायचं

पबच्या एका कोपऱ्यात टेबलाभोवती पाच-सात जण बसलेले असतात. मंच नाही, माइक नाही, प्रेक्षकांकडे तोंड करून कुणी बसत नाही. ते एकमेकांकडे बघत वाजवतात. कुणाकडे फिडल म्हणजे व्हायोलिन, कुणाकडे कॉन्सर्टिना ही भात्याची छोटी पेटी, बासरी, बँजो, टिन व्हिसल ही धातूची छोटी बासरी, बाउरॉन हा हातात धरून दांडीने वाजवायचा चपटा ढोल, आणि नशीब असेल तर इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. हे पाइप्स फुंकत नाहीत. कोपराखालच्या भात्याने हवा भरतात आणि वादक बसून वाजवतो. २०१७ मध्ये युनेस्कोने पाइप्सच्या या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आयरिश हार्पवादनही २०१९ मध्ये त्या यादीत आलं.

या मंडळींतल्या एकदोघांना पब मानधन देतो, म्हणजे ते ठरल्या वेळी येऊन सेशन सुरू करतात. बाकीचे आपणहून येतात. त्यात शिक्षक असतात, नर्स असतात, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे असतात. दिवसभराचं काम संपवून वाद्याची पेटी पाठीला लावून ते येतात, ओळखीच्यांच्या शेजारी खुर्ची ओढतात आणि दोन-तीन तास वाजवून घरी जातात. तुम्ही तिथे तिकीट काढलेले श्रोते नसता, त्यांच्या संध्याकाळी आलेले पाहुणे असता. पुढचे सगळे रिवाज यातून निघतात.

पहिल्यांदा ऐकताना सगळं एकसारखं आणि भरधाव वाटतं, म्हणून थोडी उकल करून सांगते. प्रत्येक धुनेचे साधारणपणे दोन भाग असतात, आठ-आठ मात्राखंडांचे. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, की धून एकदा पुरी झाली. अशी ती दोन-तीनदा वाजते आणि मग न थांबता, एका नजरेवर किंवा छोट्याशा हाकेवर, सगळे दुसऱ्या धुनेत शिरतात. दोन-तीन धुनांचा असा एक संच झाला की थांबतात, पाइंट उचलतात, गप्पा मारतात. बदलाचा तो क्षण पकडायचा प्रयत्न करा. सूर बदलतो, खोलीतली हवा बदलते, कधीकधी कुणीतरी ‘हप!’ म्हणून ओरडतं. मला संपूर्ण सेशनमध्ये सगळ्यात जास्त हाच क्षण आवडतो.

ताल ओळखायचा असेल तर जिग या प्रकारच्या धुनेपासून सुरुवात करा. जिग सहाची असते, तीन-तीन अशी विभागलेली, त्यामुळे दादरा कानात बसलेल्या माणसाला ती लगेच सापडते. मनातल्या मनात ‘धा धी ना, धा ती ना’ धरून बघा, फक्त लय पुष्कळ द्रुत ठेवा. रील चारच्या चालीत सरळ धावते. स्लिप जिग नऊची असते आणि तिचा झोका वेगळाच. मधेच सगळे थांबतात आणि एक जण संथ, तालाशिवायची धून काढतो किंवा कुणीतरी डोळे मिटून साथीशिवाय गातं. ते गाणं आयरिश भाषेतलं असेल तर त्यातल्या हरकती लक्षपूर्वक ऐका. ओळी तशाच राहतात, पण प्रत्येक कडव्यात गायक त्या थोड्या वेगळ्या वळवतो.

आता रिवाज. कोपऱ्यातल्या मोकळ्या खुर्च्यांवर बसू नका, त्या येणाऱ्या वादकांसाठी राखलेल्या असतात. जवळचं टेबल हवं असेल तर अर्धा तास आधी या. वाजवणं चालू असताना टाळ्यांनी ठेका धरू नका, लय हलते. संच संपला की टाळ्या वाजवा. कुणी एकटं गायला लागलं की संपूर्ण शांत व्हा, ऑर्डरसुद्धा थांबवा. फर्माइश करू नका. व्हिडिओ काढायचा असेल तर संच संपल्यावर विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, काहींना आवडत नाही. वाद्य वाजवत असाल आणि सोबत आणलं असेल तर थोडा वेळ ऐका, मग विचारा. धून येत असेल तेव्हाच वाजवा. आणि निघताना वादकांसाठी पेयांची एक फेरी द्यावीशी वाटली तर बारवर सांगा, ते काय पितात हे बारमनला ठाऊक असतं.

कुठे ऐकायचं

पहिलं नाव द कॉबलस्टोन, स्मिथफील्ड. बाहेरून साधा, आत लाकडी बाकं, भिंतींवर जुन्या वादकांचे फोटो. पुढच्या बारमध्ये आठवड्याचे सगळे दिवस सेशन असतं. शनिवार-रविवारी ते दुपारीच सुरू होतं. मागच्या खोलीत तिकिटाच्या छोट्या मैफली होतात. २०२१ मध्ये याच जागेवर नऊ मजली हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला. वादक आणि गावकरी शवपेटी खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबरात महापालिकेने परवानगी नाकारली. लँकमसारखे आज जगभर फिरणारे गट याच खोल्यांतून वर आले आहेत. एका वीकेंडमध्ये एकच पब बघायचा असेल तर हाच बघा.

दुसरं, मेरियन रो या रस्त्यावरचं ओ’डोनोह्यूज. १९६० च्या दशकात द डब्लिनर्स या गटाची सुरुवात इथे झाली. इथे पर्यटक जास्त असतात आणि जागा अरुंद, पण वाजवणारे मनापासून वाजवतात. शुक्रवारी रात्री उशिरा पोचणाऱ्यांसाठी मध्यवर्ती म्हणून बरं. कॅम्डन स्ट्रीटवरचं डेव्हिट्स आणि मार्लबरो स्ट्रीटवरचं पाइपर्स कॉर्नर हीही चांगली ठिकाणं आहेत. वेळा बदलत असतात, म्हणून त्या आठवड्याची सूचना पबच्या समाजमाध्यमांवर पाहूनच निघा.

टेम्पल बारबद्दल माझं मत: दुपारी एक चक्कर मारा, लाल रंगाच्या त्या प्रसिद्ध पबसमोर फोटो काढा आणि पुढे चला. तिथले वादकही कष्टाने वाजवतात, पण त्यांना माइकवर, गोंगाटावर मात करत, रोज तीच गाणी वाजवावी लागतात. शिवाय पाइंटचा दर शहरातल्या इतर पबपेक्षा बराच चढा असतो.

पबमध्ये वागायचं कसं

ऑर्डर बारवर द्यायची, पैसे तिथेच लगेच, टेबलावर कुणी विचारायला येत नाही. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे बारमनच्या डोक्यात पक्कं असतं. हात हलवू नका, नजर मिळेपर्यंत थांबा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. बारवर बक्षिशी द्यायची पद्धत नाही.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. एवढी नको असेल तर ‘अ ग्लास’ मागा, अर्धी मिळेल. गिनीज दोन टप्प्यांत भरतात: तीन चतुर्थांश भरून ठेवतात, फेस वर बसू देतात, मग उरलेली भरतात. कंपनी यासाठी ११९.५ सेकंद सांगते. तेवढ्यात ग्लास उचलायची घाई करू नका. शाकाहारी वाचकांसाठी: पूर्वी गिनीज गाळताना माशापासून काढलेला पदार्थ वापरत, ती पद्धत काही वर्षांपूर्वी बंद झाली.

दारू न पिणाऱ्यांनी संकोच करायचं काहीच कारण नाही. बिनअल्कोहोलची गिनीज बहुतेक पबमध्ये मिळते, सोडा-लाइम मिळतो, पुष्कळ ठिकाणी चहाही मिळतो. चहाचा कप घेऊन तीन तास सेशन ऐकणारे आजोबा इथे नेहमीचे आहेत. फक्त स्थानिक माणसांच्या गटात बसलात तर ‘राउंड’ समजून घ्या. एक जण सगळ्यांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. तुमची पाळी येण्याआधी निघून जाणं बरं दिसत नाही. सहभागी व्हायचं नसेल तर पहिल्याच फेरीला सांगा, कुणी वाईट मानत नाही.

मुलं बरोबर असतील तर ती आईवडिलांसोबत पबमध्ये बसू शकतात, पण १८ वर्षांखालच्यांना रात्री नऊला, मे ते सप्टेंबर दहाला, निघावं लागतं. म्हणूनच कुटुंबांना मी दुपारचं सेशन सुचवते. आत धुराचा त्रास नाही: मार्च २००४ मध्ये पबसह सगळ्या कामाच्या जागी धूम्रपानबंदी आणणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश.

व्हिस्की चाखायची असेल तर इथली खास ‘पॉट स्टिल’ मागा, रेडब्रेस्ट किंवा ग्रीन स्पॉट. ही मोड आणलेलं आणि न आणलेलं असं दोन्ही बार्ली मिसळून गाळतात, त्यामुळे चवीला जरा मसालेदार आणि दाट लागते. सोबत थोडं पाणी घ्या, बर्फ नको.

नेहमीच्या पबची वेळ शुक्रवार-शनिवारी रात्री साडेबारापर्यंत, त्यानंतर प्याला संपवायला अर्धा तास. स्वयंपाकघर मात्र पुष्कळ पबमध्ये नऊच्या सुमारास बंद होतं. म्हणजे जेवण सेशनच्या आधी. हे चुकलं तर रात्री बाराला चिप्स आणि फलाफलवर भागवावं लागतं.

शुक्रवार

विमान सातच्या आत उतरत असेल तरच रात्रीचं सेशन ठेवा. खोलीवर सामान टाका, जेवून घ्या आणि मुक्कामाजवळच्याच पबमध्ये जा. लांब जाऊ नका. पहिल्या रात्री एकच ठिकाण, अकरापर्यंत. विमान नऊनंतरचं असेल तर सेशनचा हट्ट सोडा आणि एखाद्या शांत जुन्या पबमध्ये तासभर बसा. पूलबेग स्ट्रीटवरचं मलिगन्स किंवा फ्लीट स्ट्रीटवरचं पॅलेस बार यासाठी उत्तम.

शनिवारचा दिवस

सकाळी उशिरा उठा, दुकानं दहानंतरच रंगात येतात. न्याहारीला ‘फुल आयरिश’ मागवलीत तर त्यात डुकराचं मांस आणि रक्ताचं पुडिंग असतं. शाकाहारींसाठी विकलो स्ट्रीटवरचं कॉर्नुकोपिया १९८६ पासून चालू आहे, तिथे भरपेट खाऊन निघा.

खरेदीचा भाग चालत फिरण्याएवढा छोटा आहे. साउथ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवरच्या लाल विटांच्या आर्केडपासून सुरू करा. १८८१ मध्ये बांधलेलं, १८९२ च्या आगीत जळालेलं आणि दोन वर्षांत पुन्हा उभं केलेलं हे बंदिस्त बाजारपेठेचं संकुल आहे. जुने कपडे, पोस्टर, नाणी, मसाले आणि स्पिनडिझी हे रेकॉर्डचं दुकान. दुकानदाराला विचारा की गेल्या वर्षभरातली लोकसंगीताची चांगली रेकॉर्ड कोणती. त्याच्याशी दहा मिनिटं बोललात तर संध्याकाळी कुठे जायचं तेही कळेल. तिथून पाच मिनिटांवर पॉवर्सकोर्ट टाउनहाउस आहे, अठराव्या शतकातली उमरावाची हवेली, आता आत दागिने आणि हस्तकलेची छोटी दुकानं. विकलो स्ट्रीटवर एका लांब बोळाच्या टोकाला सीक्रेट बुक अँड रेकॉर्ड स्टोअर आहे, जुन्या पुस्तकांसाठी. नव्या पुस्तकांसाठी डॉसन स्ट्रीटवरचं हॉजेस फिगिस, १७६८ पासूनचं.

आठवण म्हणून हिरव्या टोप्या घेण्यापेक्षा टिन व्हिसल घ्या, ‘डी’ पट्टीची. साधी पितळी पंधरा युरोच्या आत मिळते आणि सेशनमधले कसलेले वादकही अशीच वापरतात. आयर्लंडमध्ये बनणारी हवी असेल तर ‘फडोग’ कंपनीची मागा. सहा भोकं असतात, त्यामुळे बासरीला हात लागलेला असेल तर विमानात बसेपर्यंत एखादी सोपी धून निघू लागते. खाण्याचं काही न्यायचं असेल तर साउथ ॲन स्ट्रीटवर शेरिडन्सकडे आयरिश चीज घ्या. ते चाखायला देतात आणि प्रवासासाठी बांधूनही देतात.

ग्राफ्टन स्ट्रीटवर रस्त्यावर गाणारे भेटतात. त्यांना महापालिकेचा परवाना लागतो, आणि काही जण फार चांगले असतात. थांबून ऐकलंत तर पेटीत नाणं टाका. शेजारच्याच गल्लीत, हॅरी स्ट्रीटवर, रॉक गायक फिल लिनॉटचा पुतळा उभा आहे.

पाऊस आलाच तर, आणि तो येतोच, डब्लिन किल्ल्याच्या आवारातलं चेस्टर बीटी हे संग्रहालय पाहा. प्रवेश फुकट, आणि संग्रहात मुघल चित्रं आणि अरबी-फारसी हस्तलिखितं आहेत. तासाभरात बघून होतं. किल्ल्याच्या मागे फिशॅम्बल स्ट्रीट लागतो. १३ एप्रिल १७४२ ला हँडेल या संगीतकाराच्या ‘मसाया’ या रचनेचा पहिला प्रयोग या रस्त्यावर झाला. आता तिथे फक्त एक कमान उरली आहे, पण जाता जाता नजर टाका.

गिनीज स्टोअरहाउसबद्दल सगळे विचारतात. सात मजले, वर काचेचा बार, आधी नोंदणी करावी लागते आणि अर्धा दिवस जातो. १७५९ मध्ये आर्थर गिनीजने ती जागा ९,००० वर्षांच्या भाडेकराराने घेतली, ही कथा ऐकायला मजा येते, पण दोन दिवसांच्या मुक्कामात मी तो अर्धा दिवस तिथे घालवणार नाही. मद्यनिर्मितीतच रस असेल तर लिबर्टीज भागातली टीलिंग डिस्टिलरी छोटी आहे. २०१५ मध्ये ती उघडली तेव्हा शहरात सव्वाशे वर्षांत नवी डिस्टिलरी झाली नव्हती.

साडेचारच्या सुमारास पाय दुखू लागतील. साउथ विल्यम स्ट्रीटवर ग्रोगन्स या पबमध्ये शिरा. टीव्ही नाही, संगीत नाही, चीज टोस्टी आणि गप्पा. इथला माणूस अनोळखी माणसाशी सहज बोलतो. तुम्ही महाराष्ट्रातले आहात म्हटल्यावर विषय हमखास लिओ वराडकर यांच्यावर येतो. देशाचे पंतप्रधान झालेल्या या माणसाच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड आहे, हे सांगितलंत की पुढचा अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

शनिवारची रात्र: तिकिटाचा कार्यक्रम

शनिवारी रात्री सगळे पब भरतात, शांतपणे ऐकणं अवघड होतं. म्हणून ही रात्र तिकिटाच्या कार्यक्रमाला द्या. तिकीट तीन-चार आठवडे आधी काढा. वेक्सफर्ड स्ट्रीटवरचं व्हेलन्स १९८९ पासून नव्या गायकांचं घर आहे, लहान, उभं राहून ऐकायचं. वरच्या छोट्या खोलीत अजून नाव न झालेले कलाकार असतात आणि तिकीट स्वस्त असतं. मला तीच खोली जास्त आवडते. थॉमस स्ट्रीटवरचं व्हिकार स्ट्रीट हजारेक माणसांचं, बसायची सोय चांगली, आवाज स्वच्छ. आईवडील सोबत असतील तर हेच निवडा. शास्त्रीय संगीतासाठी अर्ल्सफर्ट टेरेसवरचं राष्ट्रीय मैफलगृह. कार्यक्रम नसेलच तर थॉमस स्ट्रीटवरच आर्थर्समध्ये जॅझ किंवा ब्लूज ऐका.

कार्यक्रम साडेदहा-अकराला संपतो. लुअस मध्यरात्रीनंतर थोडाच वेळ असते, टॅक्सी ॲपवरून मागवा. गर्दीच्या रात्री हात दाखवून टॅक्सी मिळायला वेळ लागतो.

रविवार

जर्मनीतून येणाऱ्यांना नवल वाटेल, पण इथे रविवारी दुकानं उघडी असतात, साधारण बारा ते सहा. राहिलेली खरेदी तेव्हा करा. पब मात्र साडेबारानंतर.

सकाळ समुद्राला द्या. शहरातून डार्ट लोकलने अर्ध्या तासात होथला पोचता. बंदरापासून कड्याच्या कडेने सहाएक किलोमीटरची वाट आहे, दोन तास पुरतात. बूट चांगले हवेत, वारा जोराचा असतो. चालायचं नसेल तर उत्तरेला ग्लासनेविनला जा. तिथे मोठ्या दफनभूमीच्या भिंतीला लागून जॉन कॅव्हनाज हा पब आहे, १८३३ पासूनचा. लोक त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतात. गाण्याला तिथे सक्त मनाई आहे, आणि तरीही गाणं आवडणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे पाठवते, कारण आयरिश माणूस बोलतो कसा हे तिथे ऐकायला मिळतं.

दोन वाजेपर्यंत कॉबलस्टोनला परत या. रविवारची दुपार ही तिथली माझी आवडती वेळ. खिडकीतून उजेड येतो, वादक निवांत असतात, लहान मुलं पेटीतून छोट्या फिडल काढून मोठ्यांच्या शेजारी बसतात, आणि ओळखीची धून लागली की तीही वाजवतात. पहिल्या दिवशी सगळं एकसारखं वाटलं होतं, आता जिग आणि रील वेगळी कळू लागेल. निदान दोन तास बसा. फोन पिशवीत ठेवा.

विमान रात्री नऊनंतरचं असेल तर सहाला उठा, खोलीवरून सामान घ्या आणि सव्वासहाची बस धरा. रविवारी संध्याकाळी विमानतळावर गर्दी असते, दोन तास हाताशी हवेत. व्हिस्कीची बाटली सुरक्षा तपासणीनंतरच्या दुकानात घ्या. शक्य असेल तर मात्र परतीचं विमान सोमवारी पहाटेचं काढा. रविवारी रात्रीची सेशनं शनिवारपेक्षा कितीतरी शांत असतात, आणि पहाटे साडेतीनलाही ४१ ची बस मिळते.